रूपांतर केलेलं वायजी वळणावर का घसरतं?

वाफेच्या इंजिनांची मॉडेलं करणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: “मूळ मॉडेल दिवसभर विनातक्रार फिरत होतं. वायजीची बॉडी चढवली आणि आता दर वळणावर पुढची चाकं उतरतात.” त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले. रूळ पूस, पुढे वजन टाक, पोनी ट्रकला, म्हणजे सगळ्यात पुढच्या लहान चाकांच्या जोडीला, स्प्रिंग लाव. यातला एखादा उपाय काही दिवस चालतो आणि मग इंजिन त्याच वळणावर, त्याच बाजूला पुन्हा आडवं होतं. दोष परत परत येतो, कारण उपाय एकीकडे चालू असतो आणि दोष दुसरीकडेच बसलेला असतो.

हे सगळं एन गेजच्या (९ मिमी रुळांवरच्या, १:१६० प्रमाणातल्या) अमेरिकन मिकाडो इंजिनापासून १:१२० प्रमाणातलं वायजी, म्हणजे आपलं मीटरगेजचं वाफेचं इंजिन, करण्याबद्दल आहे. कोल्हापूरकराला मीटरगेजचा नाद असणं साहजिक आहे. मिरज-कोल्हापूर मार्ग १८९१ साली मीटरगेज म्हणूनच सुरू झाला आणि १९७१ मध्ये ब्रॉडगेज होईपर्यंत तसाच राहिला. त्या काळातला देखावा मांडायचा तर डब्ल्यूपी, डब्ल्यूजी कितीही देखणी असली तरी उपयोगाची नाहीत. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज. आपल्याला वाय अक्षराची इंजिनं लागतात. वायपी सवारी गाडीचं, वायजी मालगाडीचं. वायजीची चाकं २-८-२ अशा मांडणीची, म्हणजे पुढे दोन लहान, मध्ये आठ मोठी, मागे दोन लहान (या मांडणीलाच मिकाडो म्हणतात), आणि १९४९ ते १९७२ या काळात ही इंजिनं हजाराहून जास्त बांधली गेली.

मग अमेरिकन मिकाडोच का? हिशोब जुळतो म्हणून. वायजीचं मोठं चाक ४८ इंचांचं, म्हणजे १२१९ मिमी. १:१२० मध्ये ते १०.१६ मिमी होतं. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या यूएसआरएच्या (अमेरिकेच्या सरकारी रेल्वे प्रशासनाच्या) हेवी मिकाडोचं चाक ६३ इंचांचं, म्हणजे १६०० मिमी. एन गेजच्या १:१६० मध्ये बरोबर १० मिमी. फरक डोळ्याला दिसत नाही. पिस्टनचा फेरा तर याहून छान जुळतो. वायजीचा २४ इंच, हेवी मिकाडोचा ३२ इंच. क्रँकची लांबी त्याच्या निम्मी, आणि आपापल्या प्रमाणात दोन्हीकडे उत्तर येतं २.५४ मिमी. रुळांचं अंतर ९ मिमी, तर खरं मीटरगेज १:१२० मध्ये ८.३३ मिमी. हा पाऊण मिलिमीटरहून कमी फरक टीटीएम, म्हणजे १:१२० मधलं मीटरगेज, करणाऱ्या सगळ्यांनीच सोडून दिलेला आहे.

म्हणजे चासी जवळपास आयती मिळते. वरची बॉडी पितळी पत्र्याची करा, प्लॅस्टिक शीटची करा किंवा रेझिनमध्ये प्रिंट करून घ्या. तिथवर सगळं सुरळीत होतं. भानगड त्यानंतरची.

मूळ मॉडेल जवळून बघितलं की त्यात चुका दिसतात. सिलिंडर जरा जास्तच पुढे किंवा बाहेर आहेत, पोनी ट्रक पहिल्या मोठ्या चाकापासून दूर आहे, टेंडर (मागची कोळसा-पाण्याची गाडी) आणि कॅबमध्ये बोट जाईल एवढी फट आहे, समोरची जाळी रुळापासून फार वर आहे. रूपांतर करणारा एकेक करून हे दुरुस्त करतो, आणि करायला हवंच, त्यासाठीच तर हा उद्योग. पण कारखान्याने त्या चुका अडाणीपणाने केलेल्या नसतात. ती त्यांनी वळणासाठी राखून ठेवलेली जागा असते. आपण अचूकता आणतो तेव्हा तीच जागा खर्च करतो, आणि किती खर्च केली याचा हिशोब ठेवत नाही. घसरणाऱ्या वायजीचा दोष शोधायचा म्हणजे आपण कुठली जागा खाल्ली ते शोधायचं.

ही जागा किती लागते ते आकड्यात बघा. भारतात मीटरगेजला जास्तीत जास्त १६ अंशांचं वळण मान्य होतं. त्याची त्रिज्या साधारण १०९ मीटर. १:१२० मध्ये ती ९११ मिमी होते, जवळपास तीन फूट. आपल्या टेबलावरचं तयार वळण मात्र २८२ मिमीचं, काहींचं तर २४९ मिमीचं. खऱ्या वायजीला जे सगळ्यात तीव्र वळण मान्य होतं, त्याच्या तिपटीहून तीव्र वळण आपण त्याला घ्यायला लावतो, आणि वर म्हणतो की सिलिंडर खऱ्यासारखाच हवा.

आधी बॉडी उतरवा

काहीही कापण्याआधी बॉडी काढा, टेंडर सोडवा आणि नुसती चासी वळणावर हाताने ढकला. त्यानंतर वीज देऊन दोन्ही दिशांना चालवा. सिलिंडर चासीला जोडलेले असतील तर ते राहू द्या. बॉडी नसल्यामुळे चासी हलकी झालेली असते, म्हणून मधल्या चाकांवर एखादा नट किंवा शिशाचा तुकडा ठेवा.

नुसती चासी नीट गेली तर दोष बॉडीत, टेंडरमध्ये किंवा वजनात आहे. नुसती चासीही उतरली तर पोनी ट्रक, सिलिंडर किंवा चाकं बघायची. आणि चासी एकाच जागी उतरते, बाकी सगळीकडे ठीक जाते, तर इंजिनाला हात लावू नका. रुळाचा जोड तपासा, सांधा (गाडी रूळ बदलते ती जागा) तपासा, लहान स्पिरिट लेव्हल आडवी ठेवून रुळाला पीळ आहे का बघा. आठ चाकांचं लांब इंजिन पीळ सहन करत नाही, चार चाकी वॅगन करते. म्हणून “वॅगन तर जातात की” हा पुरावा धरायचा नाही.

ही चाचणी करायला फार वेळ लागत नाही, पण ती न करता लोक थेट कानस हातात घेतात. माझ्याकडे आलेली बरीच इंजिनं आधीच कुठेतरी घासलेली होती, आणि जिथे घासली होती तिथे काहीच बिघडलेलं नव्हतं.

सिलिंडर आणि पोनी ट्रक

सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच निघतो, म्हणून इथे जरा थांबू.

महाद्वार रोडच्या मागच्या बोळातून लांब शिडी घेऊन वळायचं झालं तर शिडीचा मधला भाग बोळाच्या मधोमध राहतो, पण पुढचं टोक समोरच्याच्या ओट्यावर जातं. आठ मोठी चाकं म्हणजे ती शिडी. तिचा मध्य वळणावर राहतो आणि पुढचं टोक बाहेर निघतं. पोनीची चाकं मात्र रुळावरच राहिली पाहिजेत, म्हणून इंजिनाच्या मानाने पोनी आतल्या बाजूला सरकते. किती सरकते याचा ढोबळ हिशोब असा: पहिल्या मोठ्या चाकापासून पोनीच्या आसापर्यंतचं अंतर घ्या. त्याला ते अंतर अधिक मोठ्या चाकांचा एकूण पाया, या बेरजेने गुणा. आलेल्या संख्येला वळणाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागा.

समजा पोनीचं अंतर १६ मिमी आणि मोठ्या चाकांचा पाया ३२ मिमी. २८२ मिमीच्या वळणावर १६ गुणिले ४८, भागिले ५६४. उत्तर सुमारे १.४ मिमी. दोन्ही बाजूंची वळणं धरली तर पोनीला एकूण पावणेतीन मिलिमीटर खेळायला जागा लागते. हाच हिशोब ९११ मिमीच्या वळणाला केला तर एका बाजूला ०.४ मिमी येतात. खऱ्या इंजिनाचा सिलिंडर पोनीच्या चाकाला एवढा बिलगून का असतो आणि आपल्याला ते का परवडत नाही, ते या दोन आकड्यांतच आलं.

घासतं नेमकं कुठे ते डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी उद्यमनगरातला कुठलाही फिटर जे करतो तेच करा. मार्किंग ब्लूचा (खुणेच्या निळ्या रंगाचा) पातळ हात पोनीच्या चाकांच्या फ्लँजवर, म्हणजे चाकाला रुळावर धरून ठेवणाऱ्या कडेवर, आणि बाहेरच्या तोंडावर द्या. ब्लू नसेल तर थोड्या तेलात कालवलेलं कुंकू चालतं. इंजिन वळणावर हाताने सावकाश ढकला आणि मग उलटं करून बघा. रंग जिथे लागला तिथे घासतंय. बहुतेक वेळा तो तीनपैकी एका जागी सापडतो: सिलिंडरची आतली मागची कड, सिलिंडरखालचे पाणी सोडण्याचे बारीक कॉक आणि नळ्या, किंवा समोरच्या जाळीची मागची बाजू. चौथी जागा फसवी असते. पोनीचा दांडा वर उचलला जातो आणि सिलिंडरच्या मधल्या पट्टीला टेकतो. तेव्हा बाजूला जागा भरपूर असूनही चाक रुळावर दाबून बसत नाही.

उपाय करताना बाहेरून दिसणाऱ्या भागाला हात लावायचा नाही. सिलिंडरचं बाहेरचं गोल आवरण, त्याची लांबी, त्याची उंची तशीच ठेवा. आतल्या बाजूने, खालून, मागची कड तिरकी घासा. रेझिन असेल तर भिंत अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पातळ होईतो बिनधास्त घ्या. पितळेचा सिलिंडर असेल तर गुजरीत सोनारकामाच्या साहित्याच्या दुकानात बारीक कानशी मिळतात, त्या घ्या. हार्डवेअरच्या दुकानातली कानस या कामाला जाडीभरडी पडते. पाण्याचे कॉक दोन्ही बाजूंना चाकाच्या पुढे किंवा मागे एखादा मिलिमीटर सरकवले तर कुणाला कळत नाही. जाळी मात्र उंचीने कमी करू नका, तिने इंजिनाचा चेहरा बनतो. तिची मागची बाजू पोखरा.

एवढं करूनही घासत असेल तर सिलिंडर दर बाजूला पाव मिलिमीटर बाहेर घ्या. मीटरगेजचं इंजिन मुळातच रुळाच्या मानाने फार रुंद असतं, हजार मिलिमीटर रुळावर अडीच मीटरच्या आसपासचं धूड. त्यामुळे ते थोडं आणखी रुंद झालं तर खटकत नाही. पण सिलिंडर बाहेर गेला की क्रॉसहेडही (पिस्टनच्या दांड्याचं सरकणारं टोक) बाहेर जातो आणि कनेक्टिंग रॉड तिरका चालायला लागतो. तेवढ्याच जाडीचा वॉशर क्रँकपिनवर घालून रॉड सरळ रेषेत आणा. हा वॉशर विसरला की इंजिन वळणावर उतरायचं थांबतं आणि सरळ रस्त्यावर अडखळायला लागतं. मग माणूस वेगळाच दोष शोधत बसतो.

पोनीची पिन

हा भाग फारसं कुणी तपासत नाही. पोनीचा दांडा ज्या पिनभोवती फिरतो तिची जागा चुकली तर चाकाला भरपूर मोकळीक असूनही ते घसरतं. कारण चाक बाजूला तर सरकतं, पण वळणाच्या दिशेने पुरेसं वळत नाही. फ्लँज रुळाला तिरका भिडतो आणि चढतो.

मापं सुधारताना पोनी एखाद-दोन मिलिमीटर पुढेमागे घ्यावी लागते. तेव्हा लोक दांडा लांब करतात किंवा पिन सोयीच्या स्क्रूवर हलवतात. पिन पोनीच्या आसामागे किती अंतरावर हवी याचाही हिशोब आहे, आणि गंमत म्हणजे त्यात वळणाची त्रिज्या येतच नाही. मघाचाच गुणाकार घ्या, १६ गुणिले ४८, म्हणजे ७६८. त्याला पोनीच्या अंतराची दुप्पट अधिक चाकांचा पाया याने भागा: ३२ अधिक ३२, म्हणजे ६४. उत्तर १२ मिमी. पिन आसाच्या मागे १२ मिमीवर असेल तर चाक वळणाच्या दिशेने नेमकं वळतं. ती २० मिमीवर गेली तर २८२ मिमीच्या वळणावर चाक अडीच अंशाने कमी वळतं, आणि एन गेजच्या बारीक फ्लँजला अडीच अंश पुष्कळ झाले. मिलिमीटर-दीड मिलिमीटरची चूक सहज चालून जाते, त्यापुढची नाही.

ओळखायचं कसं? पोनी उतरते, पण ब्लू कुठेच लागत नाही. बाहेरच्या रुळाकडचं चाक चढून उतरतं, आणि पुढे जाताना उतरतं तसं मागे येताना उतरत नाही. अशा वेळी पिन मोजा.

वजन

मूळ मॉडेलचा बॉयलर म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचा भरीव ठोकळा, घनता पाण्याच्या साडेसहा पटीच्या आसपास. त्या जागी आपण रेझिनचं कवच बसवतो, ते पाण्याहून जेमतेम जड. त्यात वायजीची फ्रेम बार पद्धतीची, म्हणून बॉयलरखालून आरपार उजेड दिसावा अशी हौस असते, आणि उजेडासाठी आणखी धातू कापला जातो. तो उजेड मलाही आवडतो. पण त्याची किंमत वजनात मोजावी लागते, आणि ते वजन नेमकं पुढच्या चाकांवरचं असतं.

वजन किती यापेक्षा ते कुठे आहे हे महत्त्वाचं. टेंडर सोडवून इंजिन दोऱ्याच्या एका वेढ्यात टांगा आणि वेढा पुढेमागे सरकवत ते आडवं समतोल राहील ती जागा शोधा. ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मोठ्या चाकाच्या मध्ये यायला हवी. तिसऱ्याच्या मागे गेली तर पुढची चाकं रुळावर नुसती टेकलेली असतात, दाबलेली नसतात.

दुसरी चाचणी पातळ कागदाची. सिगारेटच्या पाकिटातल्या कागदाची अरुंद पट्टी एकेका चाकाखाली ठेवून ओढा. आठही मोठ्या चाकांखाली ती सारखी अडायला हवी. पहिल्या जोडीखालून ती सहज निघत असेल तर एक तर वजन मागे आहे, किंवा पोनीची स्प्रिंग फार कडक आहे आणि ती इंजिनाचं नाक उचलून धरतेय. म्हणूनच “पोनीला स्प्रिंग लाव” हा सल्ला मला आवडत नाही. पोनी बसते आणि मोठी चाकं उठतात. स्प्रिंगऐवजी पोनीच्या दांड्यावरच शिशाचा चपटा तुकडा चिकटवा. तो फक्त पोनीला दाबतो, इंजिनाला उचलत नाही.

बॉयलरमध्ये भरायला शिसं उत्तम, घनता ११.३. टंगस्टनची पुटीही चालते, पण ती महाग आणि इकडे सहज मिळत नाही. स्मोकबॉक्स (चिमणीखालचा पुढचा भाग) आणि बॉयलरचा पुढचा अर्धा भाग भरा, कॅबच्या बाजूला काही भरू नका. शिसं हाताळल्यावर हात धुवा, आणि ते घासायचं असेल तर घराबाहेर, ओल्या कापडावर.

टेंडर

कॅब आणि टेंडरमधली फट कमी केली की मॉडेल लगेच खरं वाटायला लागतं, म्हणून सगळे आधी ड्रॉबार, म्हणजे इंजिन आणि टेंडर जोडणारा दांडा, आखूड करतात. इंजिनाच्या मध्यापासून टेंडरच्या मध्यापर्यंत ७५ मिमी धरले तर २८२ मिमीच्या वळणावर दोघांमध्ये साधारण १५ अंशांचा कोन होतो. कॅबची अर्धी रुंदी १० मिमी असेल तर आतल्या बाजूचा कोपरा अडीच मिलिमीटरहून जास्त जवळ येतो. फट त्यापेक्षा कमी ठेवली तर टेंडर कॅबला ढकलतो आणि मागची चाकं किंवा टेंडरची पुढची चाकं वर चढतात.

“पुढची चाकं उतरतात” असं सांगणाऱ्यांपैकी काहींच्या इंजिनात खरं कारण मागे असतं. टेंडर कॅबला एका कोपऱ्यात रेटतो आणि इंजिनाचं नाक बाहेर जातं. म्हणून टेंडर सोडवून केलेली चाचणी टाळू नका. दोन भोकांचा ड्रॉबार करा, एक धावायला आणि एक कपाटात ठेवायला. मधली लोखंडी पट्टी, जिच्यावर फायरमन उभा राहायचा, ती कॅबला एका बाजूने सैल लटकवली तर लांब ड्रॉबारची फटही झाकली जाते.

काही मॉडेलांत ड्रॉबार वीजही वाहून नेतो. तसं असेल तर नवा ड्रॉबार पितळेचाच हवा आणि पिनेवर रंग नको.

चाकं काढली असतील तर

शक्यतो काढूच नका. १०.१६ मिमीच्या हट्टापायी १० मिमीची चाकं बदलायची काही गरज नाही.

काढली असतील तर दोन गोष्टी. एक, चाकांच्या आतल्या तोंडांमधलं अंतर. एन गेजला ते साडेसात मिलिमीटरच्या आसपास असायला हवं आणि चारही आसांवर सारखं हवं. एक आस जरी अरुंद बसला तरी सांध्यावर ठोकर बसते. दोन, क्वार्टरिंग. डाव्या आणि उजव्या बाजूच्या क्रँकपिनमध्ये ९० अंशांचा कोन असतो आणि तो चारही आसांवर तंतोतंत एकच लागतो. ९० ऐवजी ८८ आला तरी चालेल, पण मग चारही ८८ हवेत. कोन चुकल्याची खूण म्हणजे इंजिन चाकाच्या दर फेऱ्याला एकदा लंगडतं. मोठी चाकं एकमेकांना जोडणारे साइड रॉड काढून चालवलं की लंगडणं बंद होतं.

उद्यमनगरातले एक टर्नरमामा आहेत, बारीकसारीक कामं करून देतात. एकाने त्यांच्यासमोर आठ सुटी चाकं ठेवली तेव्हा ते म्हणाले, “आरं लेकरा, चाकं काढायच्या आधी यायचं हुतंस की. आता कुठलं कुठं हुतं ह्ये त्या चाकास्नी तरी ठाऊक हाय का?” तरीही त्यांनी एक छोटा जिग करून दिला: पोलादी ठोकळ्यात आस बसायला खाच आणि दोन क्रँकपिनांना टेकायला काटकोनातल्या दोन भिंती. असा जिग कुठल्याही चांगल्या टर्नरकडून करून घेता येतो. एकदा केला की मित्रमंडळींत फिरत राहतो.

घसरणं वेगळं, थांबणं वेगळं

इंजिन वळणावर थांबतं आणि दिवा मंद होतो, पण चाकं रुळावरच आहेत, तर ते घसरणं नाही. तो शॉर्ट आहे. स्प्लिट फ्रेम चासीत डावी फ्रेम एका रुळाची, उजवी दुसऱ्याची. पितळी सिलिंडर किंवा फूटप्लेट (चाकांवरची लांब पट्टी) दोन्हीला एकदम टेकली की वीज तिथेच फिरते. पोनीची धातूची चाकं सिलिंडरला लागली तरी तेच होतं, म्हणजे ब्लूच्या चाचणीत सापडलेली जागा इथेही गुन्हेगार असू शकते. अंधारात चालवून बघा, ठिणगी दिसते. त्या जागी आतून नेलपॉलिशचे दोन हात पुरतात. बाहेरून दिसेल अशा जागी पातळ टेप लावू नका, उन्हाळ्यात तिचा गोंद सुटतो.

नव्याने रंगवलेलं इंजिन सगळीकडेच अडखळत असेल तर रंग चाकांच्या मागे, जिथे वीज घेणाऱ्या पट्ट्या घासतात तिथे गेलेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी, एवढंच.

गणपतीनंतरचं दुखणं

एक प्रकार दरवर्षी दिसतो. उन्हाळ्यात केलेलं इंजिन, पावसाळाभर डब्यात. गणपती उठल्यावर बाहेर काढावं तर बॉडी चासीवर बसत नाही, किंवा बसते पण पुढून उचललेली राहते आणि पोनी हवेत. बॉयलरला कुठेतरी केसाएवढी चीरही दिसते.

याचं कारण शिशाचे छर्रे पांढऱ्या सुतारी गोंदाने चिकटवणं. त्या गोंदातून ॲसिटिक ॲसिड सुटतं. आपल्याकडच्या ओल्या हवेत शिशावर त्याची क्रिया होते आणि शिशाचं पांढरं कार्बोनेट तयार होतं. ते मूळ शिशापेक्षा जास्त जागा व्यापतं. भरीव भरलेल्या बॉयलरमध्ये त्याला फुगायला जागा नसते, म्हणून ते भिंत फोडतं. रेझिन तडकतं, पातळ पितळ फुगतं. बॉडी वाकडी झाल्यावर कितीही कानस मारली तरी पोनी बसणार नाही.

चिमट्याने भरण खरवडून बाहेर काढा, पांढरी पूड फुंकू नका, ओल्या कापडाने टिपा. नवं शिसं इपॉक्सीने बसवा, आणि छर्ऱ्यांऐवजी शिशाचा पत्रा गुंडाळून घातला तर गोंद अगदी थोडा लागतो. चीर पडली असेल तर आधी भरण काढून बॉडी पुन्हा चासीवर ठेवून बघा. बऱ्याचदा ती आपोआप जागेवर येते आणि मग चीर बुजवणं सोपं जातं.

तरीही उतरत असेल तर

विचारा, पण विचारताना ही माहिती द्या: वळणाची त्रिज्या, पोनीचं अंतर, पिनेचं अंतर, दोऱ्यावर समतोल कुठे आला, कागदाची पट्टी कुठल्या चाकाखालून निसटली, टेंडर सोडवल्यावर काय झालं आणि ब्लू कुठे लागला. बाजूने काढलेले देखणे फोटो नकोत. इंजिन उलटं करून, पोनी आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला पूर्ण सरकवून, खालून काढलेले दोन फोटो पाठवा.